क्लस्टर (डॅशबोर्डवरचा मीटरचा संच) खोलण्याआधी: स्पीडोमीटर सुधारण्याची तयारी

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. आधी वही, जीपीएस आणि शेजारी बसून आकडे टिपणारं कुणीतरी हवं. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा, सपाट मोकळा रस्ता गाठा आणि जीपीएसवरच्या खऱ्या ताशी ४०, ६०, ८० व १०० किलोमीटर वेगांना काटा कुठे येतो ते लिहा. प्रत्येक वेग दहाएक सेकंद स्थिर ठेवा. जीपीएसचा आकडा जरा मागून येतो.

४० ला ४३, ८० ला ८६, १०० ला १०७ असं आलं तर चूक टक्क्यांत आहे. ४४, ८४, १०४ आलं तर सगळीकडे चारच जास्त, म्हणजे काटा दांड्यावर सरकलाय. सोल्डरिंगची गरजच नाही. मग २० किलोमीटर अंतर ट्रिप मीटरशी ताडून पाहा. तोही तितकाच पुढे असेल तर दोष टायर, गिअर किंवा पल्सच्या (सेन्सर वेगानुसार पाठवतो ते विजेचे ठोके) बाजूला. सेन्सर आणि क्लस्टरच्या मध्ये पल्स कन्व्हर्टर (पल्सची संख्या कमी-जास्त करणारं यंत्र) लावा, पण फक्त क्लस्टरकडे जाणारी तार तोडून, कारण तोच सिग्नल बऱ्याचदा इंजिनच्या ईसीयूलाही (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकालाही) जातो. ट्रिप बरोबर आणि काटाच चुकीचा असेल, तरच बोर्डाला हात लावा. ही तपासणी टाळली की काटा सुधारतो आणि ओडोमीटर बिघडतो.

वेग कॅन बसवरून (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या डेटाच्या तारांवरून) येत असेल तर इथेच थांबा. तिथे प्रीसेटचं (स्क्रूने फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरचं) काम नाही, टायरचा परीघ स्कॅनरने कोड करावा लागतो. आठ पायांची मेमरी चिपही सोडून द्या: तिच्यात किलोमीटर आणि पुष्कळदा इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) डेटा असतो. किलोमीटर बदलणं अनेक देशांत गुन्हा आहे.

जुन्या क्लस्टरात एलएम२९१७ सारखी, पल्सच्या वेगाचं व्होल्टेज करणारी चिप असेल तर काम सरळ आहे. तिचं व्होल्टेज रेझिस्टरच्या प्रमाणात बदलतं. मूळ १०० किलोओहमच्या जागी ९१ किलोओहम आणि सिरीजमध्ये २० किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट लावा. १०७ चे १०२ करायचे तर जोडी आधीच मल्टिमीटरवर ९५.३ किलोओहमला लावून मग सोल्डर करा. कपॅसिटर बदलू नका. साधा सिरॅमिक बसवला तर ऊन-थंडीनुसार काटा हलेल.

१०२ का, १०० का नाही? युरोपीय नियम ३९ प्रमाणे काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. शिवाय टायर ८ मिलिमीटरवरून १.६ पर्यंत झिजला की साधारण २ टक्के फरक पडतो. झिजलेल्या टायरवर तंतोतंत जुळवलं तर नवे टायर घालताच काटा कमी दाखवू लागेल.

टेबलावर १२ व्होल्टचा सप्लाय, १ अँपिअरचा फ्यूज आणि सेन्सरच्या जागी पल्स देणारा स्क्वेअर वेव्ह जनरेटर ठेवा. किलोमीटरला २५४८ पल्स असतील तर ६० ला ४२.५ हर्ट्झ, १०० ला ७०.८. काहीही बदलण्याआधीचे आकडे याच टेबलावर लिहून घ्या.

गाडीत बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडं थांबा, पिवळे एअरबॅग कनेक्टर ओढू नका. काटा काढायचाच असेल तर खाली कागद घाला, दोन बाजूंनी दोन चमचे लावून सरळ वर उचला. तिरका ओढला तर दांडा वाकतो. जुना रेझिस्टर पुडीत जपून ठेवा. सगळं जुळलं की प्रीसेटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर गाडीच्या थरथरीने तो फिरतो.