बसच्या स्मार्टकार्डातून भाडे दोनदा कापले : पैसे कसे परत मिळाले

पणजी–मडगाव बसमध्ये एकाच फेरीचे भाडे बँकेच्या स्मार्टकार्डातून दोनदा गेले. कंडक्टर, खिडकी, फोन सगळे करून झाले, नुसता मनस्ताप.

शेवटी लागू पडले ते असे. आधी व्यवहारांची यादी काढली. बसमधल्या मशीनवर नेटशिवाय झालेल्या (ऑफलाइन) नोंदी बँकेकडे उशिरा पोचतात, म्हणून दोन दिवस थांबून. मग दोन्ही नोंदींची वेळ तिकिटाशी ताडली. तिकीट एक, नोंदी दोन, हाच खरा पुरावा. तिकिटाचा लगेच फोटो काढा. थर्मल कागदावरचे अक्षर पुसट होते. तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी दिली, क्रमांक घेतला. परतावा कार्डातल्या चिपवर आपोआप उतरत नाही, मशीनवर कार्ड टेकवून ‘बॅलन्स अपडेट’ करावे लागते. 30 दिवसांत उत्तर नाही आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.