ढगाळ हवेत प्रोबायोटिक देताय? आधी पहाटे तळ्यावर जाऊन या

आभाळ सलग दोन-तीन दिवस भरलेलं असेल तर आज माशांचं संध्याकाळचं खाद्य बंद ठेवा आणि उद्या उजाडायच्या आत बॅटरी घेऊन तळ्यावर जा. प्रोबायोटिक, म्हणजे पचनासाठी माशांना द्यायचे उपयोगी जिवाणू, किती द्यायचं, कसं द्यायचं ते खाली लिहिलंय, पण ते नंतर.

दर ढगाळ हंगामात मी तेच बघतोय. मासे मंद झाले, खाद्याला तोंड लावेनात, की माणूस डीलरला फोन लावतो, तो म्हणतो पोट बिघडलंय, प्रोबायोटिक द्या, डोस डबल करा, सोबत पाण्यात टाकायची वेगळी पावडर आणि ती गूळपाण्यात भिजवून टाका, लगेच फरक पडेल. आणि फरक पडतोच, पहाटे तळं पांढऱ्या पोटांनी भरलेलं असतं. एका ओळखीच्यांच्या तळ्यावर मी सकाळी पोचलो तर काठाला लागलेले सगळे मोठाले मासे, किलोच्या वरचे, आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मात्र वरच्या थरात अजून हलत होती. मोठे आधी गेले आणि एका रात्रीत गेले म्हणजे बहुतेक ऑक्सिजन संपला, रोगाची मर सहसा अशी येत नाही, ती दोन-चार दिवस आधी थोडी थोडी दिसते. शेडमध्ये पावडरीचे तीन डबे. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळायचं यंत्र, होता, पण केबल उंदरांनी कुरतडलेली आणि आठवडाभर तशीच. तीन डबे घ्यायला वेळ मिळाला, केबल जोडायला नाही मिळाला!

दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ, मासे, तळाचा गाळ सगळे मिळून तो खातात, म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवशी मुळात तयारच कमी होतो, वर जोराचा गार पाऊस झाला की वरचं पाणी खाली बसतं आणि तळाचं सडकं पाणी वर येतं. त्यात तुम्ही गूळ घालून जिवाणू सोडले, तर जिवाणूंनाही श्वास घ्यावा लागतोच की. पुडीवर लिहिलेलं असतं, अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष) कमी करतो. ज्या जिवाणूंमुळे अमोनियाचा नायट्रेट होतो त्यांना १ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो, हे मात्र पुडीवर नसतं.

ऑक्सिजन मोजायचा मीटर असेल तर आकडे सोपे आहेत: लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर निवांत, ३ च्या खाली मासे ताणात, १ च्या आसपास मरायला लागतात. ३० अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळात साडेसातच्या आसपास, त्यामुळे गरम आणि ढगाळ असे दिवस एकत्र आले तर हाताशी फार काही उरत नाही. मीटर नसेल तर डोळे आहेत. मासे पृष्ठभागाला तोंड लावून आ वासतायत, टाळी वाजवली तरी खाली जात नाहीत, गोगलगायी काठाच्या गवतावर चढल्यात, झिंगे कडेला जमलेत. माझा स्वतःचा एक अंदाज, पुस्तकात मिळेल न मिळेल: संध्याकाळी पाण्यावरचा फेस काठाला चिकटून राहिला, विरला नाही, तर त्या रात्री मी झोपत नाही. आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घाला, तळवा त्याच्या बराच आधी दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय, खाद्य कमी करा.

आता प्रोबायोटिक. मी त्याच्या विरोधात नाही, आणि हे काही कालचं फॅडही नाही, १९८६ मध्येच जपानात कोझासा यांनी माशांच्या खाद्यात बॅसिलस जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप, वापरल्याची नोंद आहे. चांगला माल, बरं पाणी आणि नियमित वापर असेल तर पचन सुधारतं, खाद्य अंगी लागतं. पण मासा निरोगी असताना द्यायची ही गोष्ट आहे, जीव घाबरा झालेल्या माशाला द्यायची नाही, आणि देणं थांबवलं की दोन-तीन आठवड्यांत आतड्यातला असर बऱ्यापैकी ओसरतो, म्हणजे एकदाच डबल डोस देऊन मोकळं होता येत नाही.

लेबलवर दोन गोष्टी बघा, जिवाणूचं नाव आणि ग्रॅममागे जिवंत संख्या, म्हणजे सीएफयू. नुसतं 'एन्झाइमयुक्त शक्तिशाली फॉर्म्युला' लिहिलेलं असेल तर तो डबा तिथेच ठेवून या. सर्वसाधारणपणे १ ग्रॅम खाद्यात १० लाख ते १० कोटी जिवंत जिवाणू गेले पाहिजेत. पावडरमध्ये ग्रॅमला १०० कोटी असतील आणि किलोभर खाद्याला १० ग्रॅम लावली तर खाद्यात ग्रॅममागे १ कोटी पडतात, पुरेसं आहे. डीलर वीस ग्रॅम सांगेल, त्याला डबा लवकर संपायला हवाय. बॅसिलस बीजाणू धरतो म्हणून उष्णता बऱ्यापैकी सोसतो, लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट तेवढे सोसत नाहीत, तेव्हा पत्र्याखाली तापलेल्या शेडमध्ये महिनाभर पडलेला लॅक्टोबॅसिलसचा डबा म्हणजे महागडी पिठीच.

खाद्याला लावायची पद्धत:
- पावडर थोड्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात कालवा, किलोमागे ५० मिली पुरे
- गोळ्यांवर शिंपडून हलक्या हाताने मिसळा
- वरून किलोला १०-२० मिली खाद्यतेल, म्हणजे पाण्यात धुऊन जात नाही
- सावलीत अर्धा तास, उन्हात नाही
- त्याच दिवशी संपवा, उरलं तर उद्यासाठी ठेवू नका

बाकी रोजचं:
- खाद्य सूर्य वर आल्यावर, आठ-नऊनंतर
- ट्रेमध्ये दोन तासांनी उरलेलं बघा, उरलं की दुसऱ्या दिवशी कमी
- पंधरा दिवसांनी जाळं टाकून वजन
- मेलेले मासे लगेच बाहेर, खोल पुरा

पोटॅशियम परमँगनेट किंवा ब्लीचिंग टाकलं असेल तर त्यानंतर निदान चार-पाच दिवस पाण्यात जिवाणू सोडू नका, एका हाताने मारायचे आणि दुसऱ्या हाताने सोडायचे, दोन्ही खर्च तुमचेच. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर प्रोबायोटिक तो संपल्यावर. काही डीलर दोन्ही एकाच पुडीत घालून देतात, विचारलं तर म्हणतात चालतं. नाही चालत. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही औषधं खाण्याच्या माशांसाठी बऱ्याच देशांत बंद आहेत, पुडीत नक्की काय आहे हे कळल्याशिवाय हात लावू नका.

आणि पहाटे गेलात आणि मासे आ वासताना दिसलेच, तर एरेटर लावा, नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी उंच उडवून परत तळ्यात पाडा, ताजं पाणी मिळत असेल तर वरून धार सोडा. जाळं टाकू नका, तळ ढवळू नका, चुना नको, खाद्य नको, आणि त्या दिवशी कुठलीही पावडर नको. ऊन चांगलं वर येऊन मासे खाली जाईपर्यंत पंप चालू ठेवा, नाश्त्याला म्हणूनसुद्धा बंद करू नका.