बुलेटचा क्लच सुटत नाही? केस उघडण्याआधी हरवलेले मिलिमीटर शोधा

दसऱ्याची सकाळ. चार महिने शेडमध्ये उभी असलेली काकांची जुनी बुलेट धुऊन-पुसून अंगणात काढली, हँडलला झेंडूचा हार बांधला. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि खण्णकन आवाज होऊन गाडी फूटभर पुढे उडी मारून बंद पडली. लिव्हर तेव्हाही मुठीत पूर्ण दाबलेला होता. काका ओट्यावरून म्हणाले, "अरे, क्लच सोडत नाहीये. उघडू नकोस लगेच."

मी उघडला. अर्धा दिवस गेला, अंगणात ऑइल सांडलं, आणि दोष शेवटी प्लेटांत नव्हताच. म्हणून हा लेख बाहेरून आत जातो: आधी हात, मग केबल, मग रॉड आणि सगळ्यात शेवटी प्लेटा. उदाहरण बिडाच्या इंजिनाच्या बुलेट ३५०चं घेतलंय, म्हणजे उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक आणि चार गिअरचा अल्बियन (जुनी ब्रिटिश कंपनी) पद्धतीचा गिअरबॉक्स. १९५६ पासून मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बनू लागलेल्या या गाड्या आजही गावोगाव चालत्या आहेत. जुन्या ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी हिशेब समजून घ्या

लिव्हर पूर्ण दाबला की केबल जेमतेम सेंटीमीटरभर सरकते. गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरमधला छोटा आर्म ती ओढ घेतो आणि मेनशाफ्टच्या (गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याच्या) पोकळीतून आरपार गेलेल्या लांब रॉडला डावीकडे ढकलतो. डाव्या बाजूला हा रॉड स्प्रिंगांच्या जोराविरुद्ध प्रेशर प्लेट, म्हणजे क्लचच्या प्लेटांना एकत्र दाबून धरणारी वरची प्लेट, उचलतो. ती उचलली जाते दोन मिलिमीटरच्या आसपास. समजा आत चार घर्षणाच्या प्लेटा आहेत. प्रत्येकीला दोन तोंडं, म्हणजे आठ जागा. दोन मिलिमीटर आठ जागांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला पाव मिलिमीटर येतो. जाड कागदाएवढी फट!

आता केबलमध्ये तीन मिलिमीटर वाया गेले, तर उचल जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. हाताला काहीच वेगळं जाणवत नाही, आत मात्र प्लेटा एकमेकींना घासत राहतात. क्लच सोडत नाही तेव्हा बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी मिलिमीटर हरवलेले असतात आणि आपलं काम ते कुठे गेले हे शोधण्याचं.

पायरी १: दोष खरंच क्लचचा आहे का?

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. क्लच दाबून धरा आणि किक हाताने खाली दाबा. बुलेटची किक क्लचमधूनच इंजिनापर्यंत पोचते. त्यामुळे क्लच सुटला असेल तर किक हलकी खाली येते आणि कॉम्प्रेशन लागत नाही. दाबलेल्या क्लचवरही पिस्टनचा नेहमीचा अडसर लागला, तर प्लेटा चिकटलेल्या आहेत किंवा पुरेशा उघडत नाहीत. या परीक्षेला ना पाना लागतो ना पैसा, तरी ती करतं कोण?

एक गैरसमजही इथेच काढून टाकू. इंजिन चालू असताना मेन स्टँडवर गिअर टाकून क्लच दाबला, तर मागचं चाक हळूहळू फिरतंच. तेलात बुडालेल्या क्लचमध्ये तेवढी ओढ असायचीच. ब्रेकला हलका पाय लावल्यावर चाक थांबलं आणि इंजिन सुरूच राहिलं, तर क्लच ठीक आहे.

पायरी २: नुसता चिकटलाय का, ते बघा

गाडी बरेच दिवस उभी होती आणि त्याआधी नीट चालत होती, तर पहिला संशय चिकटलेल्या प्लेटांवर. इंजिन बंद ठेवून लिव्हर हँडलला सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने आवळून बांधा. टॉप गिअर टाका आणि गाडी स्टँडवरून काढून दोन्ही हातांनी मागेपुढे झुलवा. दोन-चार झोक्यांत 'टक्' होऊन गाडी मोकळी झाली तर झालं काम. नाही झाली तर लिव्हर तसाच बांधून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा झुलवा. इंजिन गरम करून घेतलं तर तेल पातळ होऊन आणखी मदत होते. गाडी चालू करून गिअरमध्ये टाकून भिंतीसमोर ब्रेक मारायचा, असा एक उपाय काही जण सांगतात. तो करू नका. प्लेटा सुटल्या नाहीत तर भिंत सुटत नाही.

रोज वापरत असाल तरी थंडीच्या सकाळी सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन वेळा किक मारायची जुनी सवय याचसाठी आहे.

पायरी ३: लिव्हर आणि केबल

लिव्हरच्या बुडाशी, जिथे तो ब्रॅकेटला टेकतो, तिथे दोन-तीन मिलिमीटर मोकळी ढिलाई हवी. जास्त असेल तर तेवढी ओढ वाया. अजिबात नसेल तर ते आणखी वाईट. त्याचं मोल मी पुढे सांगतो.

मग केबल हातात घ्या. मदतनीसाला लिव्हर दाबायला सांगा आणि बाहेरच्या नळीकडे बघा. नळीची टोकं टोप्यांत रुतत असतील, नळी कुठे वाकून फुगत असेल, टाकीखाली दबली असेल, तर आतली तार सरकण्याऐवजी नळीच आखडते. निपलजवळ (तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळीजवळ) तारेचे एक-दोन धागे सुटलेत का, तेही बघा. सुटले असतील तर केबल आजच बदला, ती रस्त्यातच तुटते.

नवीन केबल घेताना जुनी बरोबर न्या आणि काउंटरवरच शेजारी-शेजारी धरून बघा: नळीची लांबी, तारेचं बाहेर आलेलं टोक, निपलचा आकार. "सगळ्या बुलेटला हीच बसते" म्हणून मला दिलेल्या केबलची नळी बोटभर लांब निघाली होती. ती वाकडीतिकडी बसवली आणि निम्मा दोष तिथेच तयार झाला.

लिव्हर बदललेला असेल तर त्याचंही माप घ्या. पिव्हटच्या मध्यापासून निपलच्या भोकाच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे, त्यावर केबल किती ओढली जाते हे ठरतं. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांवर ७/८ इंच आणि १-१/१६ इंच अशी दोन मापं सर्रास आढळतात. अंतर कमी असलेला लिव्हर हाताला मऊ लागतो पण केबल कमी ओढतो. हौसेने दुसऱ्या गाडीचा चकचकीत लिव्हर बसवलेल्या बुलेटवर न्यूट्रल सापडत नसेल, तर प्लेटांना दोष देण्याआधी पट्टी लावा.

मैसूरच्या आयडियल जावाच्या जावा-येझदीवाल्यांसाठी एक सोपी परीक्षा. त्यात गिअर लिव्हर पायाने दाबला की क्लच आपोआपही सुटतो. पायाने नीट सुटतो आणि हाताने सुटत नाही, तर गुन्हेगार केबलच.

पायरी ४: रॉडचा स्क्रू

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बहुतेक जण केबलचा ॲडजस्टर फिरवत बसतात आणि गिअरबॉक्समधल्या स्क्रूला हातच लावत नाहीत. क्रम उलटा हवा.

केबलचा ॲडजस्टर पूर्ण आत घालून केबल सैल सोडा. गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरचं दोन स्क्रूंचं छोटं झाकण काढा. आत एक ॲडजस्टर स्क्रू आणि त्यावर चेक नट दिसेल. नट सैल करून स्क्रू बोटाच्या जोरानेच आत फिरवा, रॉडला टेकल्याचं जाणवेपर्यंत. टेकला की अर्धा आटा मागे घ्या. स्क्रू तिथेच धरून चेक नट आवळा. नट आवळताना स्क्रू फिरतोच, त्यामुळे पुन्हा तपासा. आता वर हँडलकडे येऊन केबलला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई द्या.

स्क्रू फार बाहेर असेल तर आर्मचा पहिला झोका रिकामाच जातो. केबल ओढली जाते, रॉड हलत नाही. हरवलेल्या मिलिमीटरांची ही सगळ्यात मोठी जागा.

आता ढिलाई अजिबात नसेल तर काय होतं ते. गाडी 'एकदम टाइट' लागावी म्हणून मी एकदा स्क्रू टेकवूनच आवळला. रॉडवर सतत दाब राहिला, तो फिरत्या क्लचवर घासत राहिला आणि टोक तापलं. महिन्याभराने रॉड बाहेर काढला तर टोक निळं पडलेलं, खिळ्याच्या डोक्यासारखं चेपून पसरलेलं आणि रॉड आखूड झालेला. मग स्क्रू कितीही आत घाला, पुरत नाही. तुमचा स्क्रू जवळजवळ संपत आला असेल, तर रॉड काढून बघाच. काचेवर लोळवून वाकडा आहे का तपासा आणि टोक बोटाने चाचपा. आधीच्या मालकाने दोन तुकड्यांचा रॉड आणि मध्ये छर्रा असा बदल केलेला असू शकतो. जोडताना तो छर्रा विसरला गेला, तर क्लच लिव्हरला दादच देत नाही.

इथपर्यंत सगळं करून किकची परीक्षा पुन्हा घ्या. माझ्या काकांची गाडी इथेच सुटली असती.

पायरी ५: आता केस उघडा

अजून सुटत नसेल तर चेनकेस, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी चेन आणि क्लच ज्यात बसतो तो डावीकडचा डबा. ट्रेमध्ये ऑइल काढून घ्या. किती निघालं आणि कसं निघालं ते बघा. लेव्हल प्लगच्या वर ऑइल भरलेलं असेल किंवा गिअरबॉक्सचं जाड ऑइल चेनकेसमध्ये ओतलेलं असेल, तर थंड इंजिनावर प्लेटा सुटणार नाहीतच. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरलंय.

डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढून मधला मोठा नट सोडला की कव्हर येतं. जुन्या बुलेटवर ब्रिटिश आणि मेट्रिक दोन्ही मापांचे नट सापडतात. 'जवळपास बसणारा' पाना लावू नका, कोपरे गोल होतात. अल्टरनेटरच्या वायर ओढल्या जाणार नाहीत एवढं सांभाळा.

प्लेटा काढायच्या आधी एक गोष्ट नक्की करा. मदतनीसाला लिव्हर दाबायला सांगा आणि प्रेशर प्लेटकडे कडेने, डोळा तिच्या पातळीवर आणून बघा. सगळीकडून सारखी उचलली जाते का? एका बाजूने तोंड वासल्यासारखी उचलली जात असेल, तर एखादी स्प्रिंग थकलीय किंवा बोल्ट असमान आवळलाय. लिव्हर दाबलेला ठेवून किक हळू फिरवा. प्लेट थाळीसारखी डोलत असेल तर तिरपी उघडतेय. ज्या ब्रिटिश गाड्यांत स्प्रिंगचे नट कमी-जास्त करता येतात, तिथे हे डोलणं एकेक नट थोडा-थोडा फिरवून घालवता येतं.

मग स्प्रिंगांचे बोल्ट आळीपाळीने, एकेक आटा सोडत काढा. प्लेटा तारेच्या आकड्याने ओढून घ्या आणि निघाल्या त्याच क्रमाने, त्याच तोंडाने सुतळीत ओवून ठेवा. फोटो काढलात तरी सुतळी हवी. तेलकट हाताने फोन कोण उघडणार?

घर्षणाच्या प्लेटांच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

स्टीलची प्लेट जाड काचेवर ठेवा आणि कडेने फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवून बघा. ०.२ मिलिमीटरची पाती सहज आत गेली तर ती वाकलेली आहे, बदला. (मुद्दाम बशीसारखी वाकवलेली प्लेट काही क्लचमध्ये असते. तुमच्या मॉडेलचा पार्ट्स कॅटलॉग बघूनच टाका.) नुसता गंज असेल तर काचेवर पॉलिश पेपर अंथरून गोल-गोल घासा.

शेवटी क्लच ड्रमच्या खाचा. ड्रमच्या कडेला जिथे प्लेटांचे दात अडकतात, तिथे नख फिरवा. दातांनी वर्षानुवर्षं ठोकून पायऱ्या पाडलेल्या असतील तर नख अडखळतं, आणि प्लेटही तिथेच अडखळते, मागे सरकत नाही. हलक्या पायऱ्या बारीक कानशीने सपाट करा, सगळ्या खाचांत सारख्या. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल असतील तर कानस बाजूला ठेवून नवा ड्रम शोधा. ड्रम हाताने हलवून बघा. डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलंय.

जोडताना

प्लेटांना चेनकेसमधलंच ऑइल चोळा, सुतळीतल्या क्रमाने बसवा, बोल्ट आळीपाळीने आवळा. कव्हर लावण्याआधी किकची परीक्षा इथेच घ्या, नंतर नको. ऑइल लेव्हल प्लगमधून थेंब येईपर्यंतच भरा. मग पायरी चार पुन्हा पहिल्यापासून, कारण प्लेटांची जाडी बदलली की रॉडचं मापही बदलतं.

शंभरेक किलोमीटरनंतर नवीन केबल ताणते, तेव्हा ढिलाई परत बघा. आणि पहिल्या रात्री चेनकेसखाली एक पुठ्ठा अंथरून ठेवा. नवं सील घातलं असलं तरी दोन थेंब पडतातच.