घरातील बुरशी का येते आणि तिचा बंदोबस्त कसा करावा

भिंतीवर काळे ठिपके दिसले की बहुतेक जण प्रथम ब्लीचची बाटली शोधतात. डाग निघतो, पण काही आठवड्यांतच त्याच कोपऱ्यात पुन्हा उगवतो, कारण पुसली गेली ती केवळ बुरशी. तिला पोसणारी ओल भिंतीत तशीच राहिली. म्हणून फडके हातात घेण्याआधी पाणी कोठून येते याचा शोध घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना न दिसण्याइतके सूक्ष्म असतात आणि ते घरात व घराबाहेर, सगळीकडच्या हवेत तरंगत असतात. ते पूर्णपणे घालवणे कोणालाही शक्य नाही. लाकूड, कागद, कापड, चामडे, इतकेच काय, रंगावर बसलेली धूळही त्यांना अन्न म्हणून पुरते आणि माणसाला मानवणारे तापमान बुरशीलाही मानवते. आपल्या हाती राहते ते एकच, आणि ते म्हणजे ओलावा.

ओलावा म्हणजे गळणारा नळ किंवा झिरपणारे छत एवढेच मनात येते. पण एकही थेंब न गळता बुरशी वाढू शकते, आणि नेमकी हीच गोष्ट लक्षात येत नाही. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, तर १५ अंशांच्या हवेत सुमारे १३ ग्रॅम. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत घनमीटरमागे सुमारे १० ग्रॅम बाष्प असते. हीच हवा बाहेरच्या भिंतीच्या १५ अंशांपर्यंत थंड झालेल्या कोपऱ्याला लागते, तेव्हा तिथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ती दीर्घकाळ तशीच राहिली तर घरात आढळणाऱ्या अनेक बुरशींना तेवढी पुरते. खोलीच्या मध्यभागी सारे कोरडे वाटत असताना कपाटामागे, पलंगाखाली किंवा जाड पडद्याआड बुरशी धरते ती यामुळेच. तिथे पृष्ठभाग थंड असतो आणि हवा खेळत नाही.

ओल कोणत्या प्रकारची आहे हे डागाच्या जागेवरून बरेचसे कळते. छताच्या कडेला किंवा नळाच्या वाटेवर पिवळसर कडा असलेला डाग बहुधा गळतीचा असतो. जमिनीलगत सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढलेली ओल इमारतीच्या पायातून येत असण्याची शक्यता मोठी असते. तिथे दिसणारा पांढरा, भुसभुशीत थर पुष्कळदा बुरशीचा नसून क्षारांचा असतो; त्याला लोणा म्हणतात. त्यावर पाण्याचा थेंब टाकल्यास क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही. तरीही शंका राहिली, तर भिंतीचा थोडा भाग पुसून कोरडा करावा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडील बाजूला पाणी जमले असेल तर दोष हवेतील दमटपणाचा आहे, आणि भिंतीकडील बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येत आहे.

भिंतीतील पाण्यावर दुरुस्ती हाच उपाय आहे. दमटपणा मात्र रोजच्या सवयींनी कमी करता येतो: स्वयंपाक आणि स्नान करताना, व त्यानंतरही काही वेळ, वाफ घराबाहेर टाकणारा पंखा चालू ठेवावा, कपडे शक्यतो घरात वाळवू नयेत, आणि सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. खिडक्या उघडण्याचा सल्ला सरसकट लागू पडत नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा अधिक दमट असेल तर त्याने ओल वाढतेच. आर्द्रतामापक फार महाग नसतो. तो जरूर घ्यावा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. पाणी सांडले किंवा शिरले, तर भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळल्या पाहिजेत.

सुमारे एक चौरस मीटरपर्यंतचा डाग घरीच साफ करता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालावा, कोरड्या ब्रशने खरवडू नये, कारण त्याने बीजाणू खोलीभर उडतात, आणि टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण कोरडा करावा. गादी, गालिचा यांत बुरशी खोलवर गेली असेल तर ती वस्तू टाकून द्यावी. ब्लीच वापरायचेच असेल, तर ते अमोनिया किंवा आम्लयुक्त क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. दमा, अॅलर्जी किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्या व्यक्तीने हे काम स्वतः करू नये. बुरशी काळी आहे की हिरवी यावरून ती किती घातक आहे हे ठरत नाही, त्यामुळे रंग कोणताही असला तरी ती काढलीच पाहिजे.

डागावर थेट रंग मारणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण बुरशी आतून वाढत राहते आणि रंगाचे पोपडे सुटतात. दुरुस्तीनंतरही गिलावा आतपर्यंत वाळायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर भिंत उघडी ठेवावी आणि फॉइलची चाचणी पुन्हा करून दोन्ही बाजू कोरड्या निघाल्यावरच रंगकाम हाती घ्यावे.