मोठे ब्रेक बसवताय? आधी स्टेपनी बाहेर काढा

माझ्या स्कोडा ऑक्टावियाला पुढे ३१२ मिमीच्या ब्रेक डिस्क होत्या. त्या काढून ३४० मिमीच्या डिस्क आणि त्यांचे मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसवले तेव्हा सगळं मोजलं होतं, एक स्टेपनी सोडून. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात रात्री पुढचं टायर पंक्चर झालं. डिकीतली १६ इंची स्टेपनी चढवायला गेलो तर रिम कॅलिपरच्या पाठीवर अडकली, हबपर्यंत, म्हणजे चाक ज्यावर बसतं तिथपर्यंत, पोचेचना. रोजची १७ इंची अलॉय व्यवस्थित बसत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. तेव्हा पार्ट मागवायच्या आधी स्टेपनी बाहेर काढा.

डिस्कचा व्यास २८ मिमीने वाढला की कॅलिपर १४ मिमी बाहेर सरकतो. विकणाऱ्याकडून कॅलिपरचा मापातला नकाशा घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि चारही चाकांत फिरवून बघा. आऱ्यांच्या मागेही बघा. रिमला आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं विसरू नका. मग हाच पुठ्ठा स्टेपनीत फिरवा. नाही बसत? मग १७ इंची स्टेपनी आणि ती डिकीच्या खड्ड्यात मावते का, हा खर्च आजच धरा. तोवर पुढचं टायर गेलं तर मागचं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. जॅक दोनदा लावावा लागतो. पावसात, वळणावर, हे करायची वेळ कोणावरही येऊ नये.

डिस्क, पॅड, कॅलिपर धरणारा कॅरियर घ्यालच. डिस्कमागचा पत्राही मोठा लागतो. मॅन्युअलमध्ये एकदाच वापरायचे म्हटलेले बोल्ट नवेच आणा, बँजो बोल्टचे (ब्रेकची होज, म्हणजे ऑइलची नळी, कॅलिपरला जोडणारा) तांब्याचे वॉशरही. जुना वॉशर दाबून बसलेला असतो, तिथून ऑइल पाझरतं आणि ते चाक काढल्याशिवाय दिसत नाही. ब्रेक ऑइल डॉट ४ किंवा ५.१ प्रतीचं. डॉट ५ अजिबात नको, ते सिलिकॉनचं असतं. सीलबंद डबाच फोडा: ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५ लाही उकळू शकतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. जुना कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. नवा लावताना ब्लीडिंगचा (ऑइलमधली हवा काढायचा) निपल वर आहे ना बघा. खाली असेल तर डावा-उजवा उलटा लागलाय, हवा कधीच निघणार नाही.

बोल्ट किती घट्ट करायचे, म्हणजे टॉर्क, ते मॅन्युअलप्रमाणे. ब्लीडिंग चारही चाकांचं. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. चाक लावायच्या आधी स्टेपनी एकदा पुढच्या हबवर प्रत्यक्ष चढवून, हाताने पूर्ण फिरवून बघा; पुठ्ठ्यावर विसंबू नका.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा ताशी ८० वरून २० किमीपर्यंत ब्रेक, मधे थंड होऊ द्या, गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा तपासा.