नर्सरीतल्या कुंडीसोबत येणाऱ्या परदेशी मुंग्या कशा रोखाव्यात?

बागेत पायाला आग लावणारी तांबूस मुंगी पुष्कळदा इथली नसतेच. सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही जात मूळची अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली. 16व्या शतकात मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून ती आशियात पोचली, असं तिच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. जहाजात भार म्हणून भरलेली माती बंदरात उतरायची, तिच्यासोबत मुंग्याही. मुंबईत आता माती टेम्पोतून येते, नर्सरीच्या काळ्या पिशव्यांत.

1. रोप घेताना. पिशवी उचलून तळाची भोकं बघा, वर दोन टिचक्या मारा. मुंग्या एकदम उसळल्या तर रोप तिथेच सोडा, कितीही स्वस्त असो. ओळख सोपी आहे: एकाच रांगेत लहान-मोठ्या मुंग्या, आणि मोठ्यांचं डोकं अंगाच्या मानाने बोजड, मागे खाच पडलेलं.

2. गॅलरीत ठेवण्याआधी. कुंडी बादलीत, माती बुडेल इतक्या पाण्यात अर्धा तास ठेवा. मुंग्या असल्या तर पांढरी पिल्लं तोंडात धरून देठावर चढताना दिसतील. हात घालू नका. ही मुंगी जबड्याने कातडी पकडते आणि मग मागून डंख मारते. डंखानंतर श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट डॉक्टरकडे. नंतर बादली रिकामी करा, डेंग्यूचे डास पाळायचे नाहीत.

3. घरात शिरल्याच असतील तर. स्प्रे मारू नका. समोरची रांग मरते, राणी आत सुखरूप. स्वयंपाकघरातल्या बारीक पिवळ्या फॅरो मुंग्यांचं तर त्याने वारूळच फुटतं आणि एकाची चार बिऱ्हाडं होतात.

त्याऐवजी आमिष ठेवा. आधी पुठ्ठ्यावर चिमूटभर साखर आणि शेंगदाण्याचं कूट ठेवून त्या कुठे जातात ते बघा. जेमिनाटाला तेलकट जास्त आवडतं. साखरेकडे गेल्या तर 100 मिली पाण्यात दोन चमचे साखर आणि पाव चमचा बोरिक पावडर विरघळवून कापसाचा बोळा भिजवा. कुटाकडे गेल्या तर पावडर त्यातच, पण अगदी थोडी. जास्त घातली तर मुंग्या घरट्यापर्यंत पोचण्याआधीच मरतात, मग उपयोग शून्य. मुलं आणि मांजर यांच्यापासून हे लांब ठेवा.

दोन-तीन आठवडे तरी द्या, आणि तोवर आमिषाकडे जाणारी रांग पुसायची नाही. कामाला येणाऱ्या मावशींना हे आधीच सांगून ठेवा.