रंग मेल्यासारखा दिसतोय? आधी गेसोत पाणी किती घातलं ते बघा

तैलरंगाकडे नव्याने वळलेल्यांचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं. लावताना रंग झळझळीत असतो आणि चार दिवसांत निस्तेज पडतो. गडद जागा राखाडी होतात, मधूनच एखादा पट्टा चकाकतो आणि बाकी सगळं कोरडं. मग दोष रंगाला दिला जातो, महागडी ट्यूब येते, पुन्हा तेच होतं. या चक्रात माणूस किती खचतो ते मला पुरतं ठाऊक आहे. आपल्यालाच जमत नाही असं वाटायला लागतं. म्हणून आधीच सांगते, तुमच्या हातात दोष आहे असं धरून चालू नका. कॅनव्हास उलटा करा आणि मागची बाजू बघा. तिथे तेलकट पिवळसर डाग दिसले, तर गडबड रंगाच्या खालच्या थरात आहे.

बहुतेक वेळा कारण एकच निघतं, पाणी घालून घालून पातळ केलेला गेसो, म्हणजे रंगवण्याआधी कॅनव्हासला द्यायचं पांढरं अस्तर. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त चित्रं खराब होताना मी पाहिली आहेत.

अ‍ॅक्रिलिक गेसोत पाण्यात तरंगणारे अ‍ॅक्रिलिकचे बारीक कण असतात आणि त्यांच्यासोबत खडूसारखी पूड व टायटॅनियम व्हाइट. पाणी उडून जातं तसे हे कण जवळ येतात आणि एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो. कापडाचं तेलापासून रक्षण करतो तो हा पापुद्रा. पाणी फार झालं की कण विरळ होतात, नीट जुळत नाहीत आणि पूड मोकळी राहते. दिसायला कॅनव्हास पांढराशुभ्र असतो, म्हणून शंकाही येत नाही. पण असा भुसभुशीत थर रंगातलं तेल पिऊन टाकतो. रंगाची पूड धरून ठेवणारं तेलच खाली मुरलं, तर वर काय उरणार? कापडाने घासलं तरी रंग हाताला येतो.

हे नुकसान लगेच दिसतं तरी. दुसरं नुकसान कळायला वर्षं जातात. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते, आणि त्यात आम्लं तयार होतात. कोऱ्या धाग्यांपर्यंत तेल पोचलं की कापड हळूहळू तपकिरी आणि ठिसूळ होतं. नंतर वरून काहीही लावून ते परत येत नाही.

‘मोठे चित्रकार तर कोऱ्या कॅनव्हासवरच रंगवायचे’ असं कुणी तरी सांगतंच. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थालर यांनी १९५२ साली पातळ केलेला तैलरंग कोऱ्या कापडात मुरवला हे खरं आहे. पण अशा चित्रांत रंगाच्या डागाभोवती तेलाची वलयं पसरतात, आणि पुढे त्या स्वतःही अ‍ॅक्रिलिककडे वळल्या. अ‍ॅक्रिलिक रंग कोऱ्या कापडाला असं खात नाही. तेल खातं. त्यांची उदाहरणं ऐकवणारे हा पुढचा भाग गाळतात.

पाण्याचं प्रमाण काय ठेवायचं? पहिला हात विणीत शिरावा म्हणून चार भाग गेसोला जास्तीत जास्त एक भाग पाणी. पुढचे हात जवळजवळ डब्यातला गेसो आहे तसाच. एक हात आडवा, वाळला की दुसरा उभा, असे तीन तरी. मधे २२० नंबरचा सँडपेपर हलकेच फिरवा, आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. शेवटच्या हातानंतर तैलरंग लावण्याआधी तीन दिवस थांबा. बोटाला कोरडं लागलं म्हणजे आत वाळलं असं नाही.

खात्री करायची तर त्याच कापडाचा तुकडा तशाच पद्धतीने तयार करा, त्यावर जवसाच्या तेलाचा थेंब टाका आणि दोन-तीन दिवसांनी मागून बघा. डाग उतरला तर अजून एक हात हवा. याला मेहनत काहीच नाही, तरी लोक टाळतात, आणि मला ते खरंच कळत नाही.

‘पाणी घालून सात-आठ पातळ हात द्या’ असं शिकवणारे गुरू भेटतील. त्यांना कारण विचारा. ‘आम्ही असंच करत आलो’ एवढंच ऐकू आलं, तर चित्रकला त्यांच्याकडून जरूर शिका, प्रायमिंग (कॅनव्हासला अस्तर देणं) नको. भिंतीचा इमल्शन वापरायचा सल्ला तर सरळ सोडून द्या. तो भिंतीसाठी बनवलेला आहे, हलत्या, ताणलेल्या कापडावर वर्षानुवर्षं टिकण्यासाठी नाही. सरस (प्राण्यांच्या कातड्यापासूनचा चिकट पदार्थ) आणि खडूचा जुना गेसोही कडक फळीवरच शोभतो. सरस दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि कापडावर त्याच्या भेगा पडतात.

आता कापड. लिननचे धागे लांब आणि मजबूत, पण सुरुवातीला सुती कॅनव्हास पुरेसा आहे. साधारण ३४० ते ४०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) घ्या, वीण घट्ट हवी. उजेडासमोर धरल्यावर भोकं दिसत असतील तर परत ठेवा. ताणताना चारही बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल, मग समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने कोपऱ्याकडे जायचं. उभे-आडवे धागे चौकटीला समांतर राहिले पाहिजेत. कोरं सुती कापड गेसोने आकसतं, म्हणून आधीच फार ओढू नका. नंतर झोळ पडला तर कोपऱ्यातल्या पाचरी हलकेच ठोका. मागून पाणी मारून कॅनव्हास ताणायची युक्ती मला अजिबात मान्य नाही. वाळला की झोळ परत येतो, आणि वरच्या थरांना उगाच ओढाताण सोसावी लागते.

बारीक काम करणाऱ्यांनी फळीचा विचार जरूर करावा. मोनालिसा पॉप्लरच्या लाकडी फळीवर आहे. फळी हलत नाही, त्यामुळे रंगावर ताण कमी येतो. एमडीएफ किंवा प्लाय घेतला तर गेसोआधी अ‍ॅक्रिलिक मीडियमचा (रंगाची पूड नसलेल्या अ‍ॅक्रिलिकचा) हात देऊन तो सील करा, नाहीतर लाकडातला पिवळेपणा गेसोत चढतो. पुढची बाजू, मागची बाजू आणि कडा, तिन्हीकडे. एकाच बाजूला थर चढले की पातळ फळी वाकते.

तयार कॅनव्हास आणला म्हणून तुम्ही काही चूक केलेली नाही. शिकताना तोच सोयीचा. त्यावरचा थर बहुधा पातळ असतो एवढंच. प्राइमर अ‍ॅक्रिलिक असल्याचं वेष्टनावर लिहिलेलं असेल, तर स्वतः गेसोचे दोन हात चढवा. प्राइमर तेलाचा असेल तर त्यावर अ‍ॅक्रिलिक गेसो लावू नका. तो धरत नाही, पुढे पोपडे सुटतात. तिथे थेट तैलरंगच लावायचा.